आधी जळण, मग चूल

जालना शहर लोखंडावर जगतं. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत ठिकठिकाणचं भंगार येऊन पडतं, सोळाशे अंशांच्या आसपास तापून पातळ होतं आणि रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर निघतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या स्लॅबात जालन्याची सळई आहे. तीच सळई कापून, जोडून, तिला पत्र्याची साथ देऊन इथले फॅब्रिकेशनवाले गेट करतात, खिडक्यांच्या जाळ्या करतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची डागडुजी करतात, आणि थंडीची चाहूल लागली की चुलीही करतात. दुकानापुढं, रस्त्याच्या कडेला त्या एकीवर एक रचून ठेवलेल्या असतात. काही चौकोनी, काही गोल, काही जुन्या पिंपाच्या कापलेल्या बुडापासून केलेल्या. गेटाचं काम घेऊन येणारा माणूस तासभर नक्षीवर बोलतो. चुलीजवळ मात्र फारसं कुणी थांबत नाही. घ्यायची तर उचलायची, पैसे द्यायचे आणि निघायचं, असाच तिचा व्यवहार.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, थांबल्या. त्या अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात आणि आयुष्यभर त्यांनी चूल स्वतःच्या हातांनी घातली. यंदा गुडघे साथ देईनात. माती तुडवणं, खाली बसून लिंपणं जमेना, आणि पावसाळ्यात छपराच्या गळतीनं जुनी चूल एका अंगानं खचली. घरात गॅस आहे, त्यावर चहा होतो, भाजी होते, पाहुणा आला की झटपट काही करता येतं. तरी भाकरीला आणि अंघोळीच्या पाण्याला त्यांना चूल हवी होती, आणि या वेळी उभ्यानं वापरता येईल अशी, ओट्यावर ठेवायची लोखंडी चूल. घरच्यांनी विचारलं, गॅस असताना कशाला? त्यांनी उत्तर दिलं ते मी अजून मनात वागवते आहे. "पऱ्हाटी तर घरात येणारच हाय. मग ती जाळायची चूल चांगली का नको?"

या एका प्रश्नात आमच्या भागातल्या स्वयंपाकघराचं सगळं अर्थशास्त्र आहे. जालना जिल्ह्यात जंगल जवळपास नाहीच. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडं अजिंठ्याच्या डोंगराचा पायथा लागतो, दक्षिणेला गोदावरीचा काठ, आणि मधे काळ्या जमिनीचं उघडं पठार. कोकणात किंवा गडचिरोलीत लाकूडफाटा म्हटलं की जे डोळ्यांपुढं येतं, ते इथं नाही. इथलं जळण शेतातून येतं. कापसाची शेवटची वेचणी झाली की उभ्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटतात, त्यांच्या मोळ्या बांधून घराजवळ आणून रचतात. तुरीची रास झाली की तुराट्या. बांधावरच्या बाभळीच्या वाळलेल्या फांद्या, नदीकाठची वेडी बाभूळ, आणि गोठ्यातल्या शेणाच्या गोवऱ्या. जळणाचा ढीग म्हणजे आमच्याकडं त्या वर्षाच्या शेतीची वही असते. यंदा कापूस किती होता, तूर साधली का, दावणीला जनावरं किती उरली, हे कोणत्याही घरामागं उभं राहून वाचता येतं.

त्या ढिगात गेल्या पन्नास-साठ वर्षांतला जिल्ह्याचा इतिहासही आहे. १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि जालना हे संकरित बियाण्यांचं गाव झालं. १९९८मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तीही महिकोच्याच वाणांना. पुढच्या काही वर्षांत आमच्या भागातल्या शिवारांत कापूस आणि सोयाबीन पसरत गेलं, ज्वारी मागं सरली. पिकांच्या या फेरबदलाची चर्चा बाजारभावाच्या अंगानं पुष्कळ झाली. पण ज्वारी कमी झाली तसा कडबा कमी झाला, कडबा कमी झाला तशी जनावरं कमी झाली, जनावरं कमी झाली तशा गोवऱ्या कमी झाल्या, आणि चुलीपुढं बसणारीच्या हातात गोवरीच्या जागी पऱ्हाटी आली. गोवरी सावकाश धुमसते, दूध तापवायला, रात्रभर विस्तव राखायला ती बरी. पऱ्हाटी भडकन पेटते आणि झपकन संपते. बियाणं बदललं तसा स्वयंपाकाचा वेगही बदलला. तो कुणी मोजला नाही, पण ज्या हातांनी तो सांभाळला त्यांना तो पुरता ठाऊक आहे.

आता त्या ढिगालाही धोक्याची नजर लागली आहे. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यातला कापूस पोखरला. तेव्हापासून कृषी विद्यापीठं आणि कृषी खातं कळकळीनं सांगतात की हंगाम वेळेत संपवा, पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका आणि बांधावर किंवा घराजवळ तिचे ढीग रचू नका, कारण पऱ्हाटीला चिकटून राहिलेल्या कवड्या बोंडांत अळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात पुन्हा शेतात जाते. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण तो ऐकताना प्रश्न पडतो, की हा ढीग कुणाचा? शेतकऱ्याच्या नजरेतून तो पिकाचा शिल्लक कचरा आहे आणि अळीचं घर आहे. त्याच्या बायकोच्या नजरेतून ते वर्षाचं जळण आहे. आत्याबाईंनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. पऱ्हाटी घरी आणण्याआधी त्या तिच्यावरची राहिलेली बोंडं झोडून काढतात, ती बोंडं जाळून टाकतात, आणि मोळ्या उन्हात तापवून पावसाळ्याआधी जेवढ्या संपवता येतील तेवढ्या संपवतात. यासाठी चूल अशी हवी, की जिच्यात पऱ्हाटी सरळ, पुरी आणि धुराविना जळेल. चूल चांगली असली तर ढीग लवकर आटोपतो, हा त्यांचा हिशोब आहे, आणि त्यात कापूसही वाचतो आणि डोळेही.

ढिगातलं एक लाकूड मात्र आमच्या घरात कुणी हौसेनं आठवत नाही. २०१२च्या पावसानं दगा दिला आणि २०१३च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. जालन्याची मोसंबी म्हणजे या जिल्ह्याचा अभिमान. अंबड, घनसावंगी, बदनापूर या पट्ट्यात एकेका कुटुंबानं आपली उमेद या झाडांत गुंतवली होती. विहिरी कोरड्या पडल्यावर लोकांनी टँकरचं विकतचं पाणी झाडांच्या बुडाशी ओतलं. तरी झाडं गेली. सासऱ्यांनी लावलेली आमचीही बाग गेली. कुऱ्हाड लागली, आणि ते लाकूड परसात येऊन पडलं. मोसंबीचं लाकूड घट्ट असतं, जड असतं, त्याचा निखारा बराच वेळ टिकतो. जळण म्हणून ते उत्तमच. आत्याबाईंनी ते पुढं कितीतरी दिवस जाळलं, कारण स्वयंपाक तर करायचाच होता. "लेकरावाणी वाढवलेलं झाड चुलीत घालताना हात थांबत नाही, पोरी. थांबला तर भाकर कोण करंल?" असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. चुलीचा विचार करताना हे वाक्य मला टाळता येत नाही. शेतीतलं प्रत्येक संकट शेवटी सरपण होऊन चुलीपर्यंत पोचतं आणि तिथं त्याची भाकरी होते. हे काम बाईनं केलेलं आहे, आणि ज्या यंत्रावर केलं ते निवडताना तिला सहसा कुणी विचारलेलं नाही.

म्हणून त्या दिवशी दुकानापुढं आत्याबाई ज्या रीतीनं चुली तपासत होत्या, ते बघत राहावंसं वाटलं. आधी त्यांनी प्रत्येक चुलीचं तोंड वितीनं मोजलं. मग आत हात घालून जाळी चाचपली. सळयांमधलं अंतर किती, त्यातून निखारा खाली पडेल की राखच पडेल, हे बोटांनी बघितलं. वर भांडं टेकायचे तीन उंचवटे होते, त्यांवर दुकानातला पत्र्याचा तुकडा ठेवून खालच्या फटीत बोट सरकवून बघितलं. नंतर चूल ढकलून बघितली, रेटून बघितली. भाकरी थापून तव्यावर टाकताना आणि हंडा उतरवताना चूल जागची हलली तर भाजायची भीती असते.

"ही घ्या मावशी, ही लई खपती," दुकानदारानं एक चूल पुढं केली.

"खपती म्हंजी लाकूडवाल्यांना खपती," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्याकडं पऱ्हाटी हाय. ह्या उंच तोंडातून पऱ्हाटीचा जाळ सगळा भाईर येईन. तोंड बुटकं कर, रुंद कर, अन् जाळी वर घे. खालून वारा जाऊ दे."

तो तरुण मुलगा होता, हात काळे झालेले, कपाळावर वेल्डिंगचा चष्मा चढवलेला. त्यानं आधी हसून टाळलं, मग खरंच विचारलं, "जाळी किती वर घेऊ?" आत्याबाईंनी चार बोटं दाखवली. त्यानं खडूनं खूण केली. मग दोघांचं बोलणं असं चाललं, की जणू मी तिथं नव्हतेच. राख काढायला खाली सरकता ट्रे हवा. पऱ्हाटी लांब असते, ती टेकायला तोंडापुढं पट्टी हवी, नाहीतर एका हातानं धरून बसावं लागतं आणि दुसऱ्या हातानं भाकरी थापता येत नाही. वर भांड्याखाली फट बोटभरच ठेव, त्याहून जास्त ठेवलीस तर आच बाजूनं निघून जाते, कमी ठेवलीस तर जाळ गुदमरतो. बाजूला एक वैल काढ, त्यावर कालवण उबदार राहील. पत्रा जाड घे. शेवटी त्यानं विचारलं, "मावशी, आधी कुठं वेल्डिंगच्या दुकानात होत्या का?" ते त्यानं आदरानंच विचारलं होतं.

आत्याबाई जे बोटांनी सांगत होत्या, ते ज्वलनशास्त्रातही तसंच सांगितलेलं आहे. लाकूड थेट जळत नाही. तापल्यावर आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं, मग त्यातून ज्वलनशील वायू सुटतात, आणि आपल्याला दिसणारी ज्योत म्हणजे त्या वायूंचं जळणं. उरतो तो कोळसा, तो शेवटी ज्योतीविना लाल होऊन जळतो. पुरेशी हवा न मिळालेले किंवा पुरेसे न तापलेले वायू तसेच निसटतात, तोच धूर. धूर म्हणजे न जळलेलं जळण. ते डोळ्यांत गेलं म्हणून दुखतं आणि भांड्याखाली गेलं नाही म्हणून वायाही जातं. जाळी वर घेतली की खालून हवा येते, तोंड नेमकं ठेवलं की आतली आच आतच राहते, भांड्याखालची फट नेमकी असली की गरम वारा भांड्याला घासून जातो. उघड्या तीन दगडांच्या चुलीत जळणाच्या उष्णतेतला दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास भाग भांड्यापर्यंत पोचतो. सुधारित चुलीसाठी भारतीय मानकानं ठरवलेला किमान आकडा पंख्याविना २५ टक्के आणि पंख्यासह ३५ टक्के आहे. एवढा फरक जाळी, तोंड आणि फट या तीन गोष्टी करू शकतात.

कमी धुराची चूल घडवायचा प्रयत्न आपल्याच मुलखात फार जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी मगन चूल घडवली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धूर धुराड्यातून बाहेर नेणारी आणि एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी तापवणारी चूल तयार केली आणि १९५३मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तिका लिहिली. त्या वेळी जालना, अंबड, सगळा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आपल्या राजधानीत चुलीवर विज्ञान चाललं आहे, ही वार्ता इथल्या किती घरांत पोचली असेल, असा विचार मनात येतो आणि त्याचं उत्तर आजच्या काजळलेल्या भिंतींवर लिहिलेलं दिसतं. १९८३मध्ये केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२मध्ये तो केंद्राच्या पातळीवर थांबेपर्यंत देशभरात तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६मध्ये स्थापन केलेल्या आरती या संस्थेनं महाराष्ट्रात चुलींचे नमुने तपासले, कुंभारांना आणि गावातल्या कारागिरांना मापात चूल घडवायला शिकवलं. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीसाठी २००२मध्ये या संस्थेला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेतातला कचरा हेच इथलं इंधन आहे, हे ओळखून केलेलं ते काम होतं.

तरीही वाटलेल्या बहुतेक चुली टिकल्या नाहीत. माप चुकलं की धुराडं ओढत नाही, काजळी साचली की ते तुंबतं, ते साफ करायचं कुणी शिकवलं नाही, आणि अनुदानाचा आकडा पूर्ण झाला की चूल बघायला पुन्हा कुणी आलं नाही. आणखी एक कारण मला आत्याबाईंच्या बोटांकडं बघताना कळलं. चूल देताना तुम्ही काय जाळता, हे विचारलं गेलं नाही. लाकडाच्या ढलप्यांसाठी मापलेल्या चुलीत लांब, बारीक, भडकणारी पऱ्हाटी कोंबावी लागते. कोंबली की धूर, आणि धूर झाला की बाई दुसऱ्याच दिवशी जुन्या चुलीकडं वळते. तिला अडाणी म्हणणं सोपं आहे. पण तिच्या हाताशी असलेल्या जळणाला जी चूल चालत नाही, ती तिच्यासाठी सुधारित नसतेच.

आम्ही चूल घेऊन निघालो ती काळ्या-पिवळ्या जीपच्या टपावर बांधून. दुकानातल्या मुलानं वेल्ड थंड झाल्यावर चारी पाय जमिनीवर टेकवून एकदा डगडगतंय का ते बघितलं, एका पायाखाली लोखंडाची चकती जोडली, मगच पैसे घेतले. अंबड रस्त्याला दोन्ही अंगांना वेचणीला आलेला कापूस होता, मधेच हिरवीगार मोसंबी. दुष्काळानंतर पुन्हा लावलेल्या बागा आता फळांवर आहेत. जीपमधल्या बायकांनी गाडी सुटायच्या आतच चूल कुणाची ते विचारून घेतलं. मग रस्ताभर विषय तोच. एकीच्या घरी वर्षापूर्वी आणलेली लोखंडी चूल पत्रा पातळ असल्यानं बुडाशी गळाली होती. दुसरीनं सांगितलं, की नुसत्या पत्र्याची चूल बाजूनं इतकी तापते की लेकरं जवळ खेळू देता येत नाहीत. तिसरी म्हणाली, आतून माती लावा, मग बघा. प्रत्येकीच्या बोलण्यात वापराचा अनुभव होता, कौतुकाचा एकही पोकळ शब्द नव्हता. कुठल्याही प्रयोगशाळेनं कान देऊन लिहून घ्यावं, असं ते बोलणं होतं. अंबड जवळ आलं, मत्स्योदरी देवीची टेकडी दिसली, तसे सगळ्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले आणि चर्चा पुन्हा मातीवर आली.

माती म्हणजे कोणती, हाही आमच्याकडं मोठा विषय आहे. आमची शेतं काळ्या मातीची. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात शिवारात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ही माती मानवते, चुलीला नाही. चुलीला हवी पांढरी माती, जिच्यावर जुनं गाव वसतं आणि जिच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहतात. आत्याबाईंनी पडक्या वाड्याच्या भिंतीची पांढरी आणवून ठेवली होती. ती भिजवून तिच्यात शेण आणि गव्हाचा बारीक भुसा मिसळला. तुडवण्याचं काम घरातल्या मुलांनी केलं, त्या खुर्चीवर बसून सांगत राहिल्या. भुशाचं कारण शास्त्रातही मिळतं. चूल तापली की आतला भुसा जळून जातो आणि मातीत बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांतली हवा उष्णता अडवते, म्हणून बाहेरचा पत्रा कमी तापतो आणि आतली आच आत राहते. जगात आज कमी धुराच्या चुलींसाठी हलक्या, सच्छिद्र विटा करतात, त्यांमागंही हेच तत्त्व आहे.

चूल कुठं मांडायची यावर घरात बराच वेळ बोलणं झालं. धाकट्या जावेचा आग्रह होता, की स्वयंपाकघरात गॅसशेजारी ओटा आहे, तिथंच ठेवू. मी ठामपणे नाही म्हणाले, आणि ते का, ते इथं लिहायलाच हवं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकानं आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर उपकरणं लावून त्या किती धूर घेतात ते मोजलं. स्वयंपाकघरातला धूर हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे जगाला समजायला त्या मोजमापापासून सुरुवात झाली. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९मध्ये पीटर बार्न्स यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की कधीही सिगारेट न ओढलेल्या माणसांतही फुप्फुसांचा कायमचा अडथळ्याचा आजार मोठ्या प्रमाणावर दिसतो आणि जळणाचा धूर हे त्याचं जगातलं एक मोठं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळं २०२०मध्ये जगभर सुमारे ३२ लाख माणसं दगावली. आत्याबाईंच्या खोकल्याला आम्ही इतकी वर्षं वयाचा खोकला म्हणत आलो. गावात त्यांच्या वयाची जवळपास प्रत्येक बाई तसाच खोकते. त्यामुळं नवी चूल मोकळ्यावर, परसातल्या पत्र्याच्या छपराखाली मांडायची, हे शेवटी सगळ्यांनी मान्य केलं. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो म्हणून त्या अंगाला आडोसा उभा केला. पूर्वेकडची बाजू मोकळी ठेवली. शेजारीच जळण कोरडं राहावं म्हणून वीटभर उंच कट्टा केला, कारण ओलं जळण कोणत्याही चुलीत धूरच करतं.

मातीचं अस्तर पुरतं वाळल्यावर चूल पेटवली. आत्याबाईंनी तिला सारवलं, हळदी-कुंकू वाहिलं, पहिल्या जाळावर दूध उतू घातलं. मग लगेच कामाला लागल्या. पऱ्हाटी पट्टीवर टेकवून आत सरकवली, खालून हवा ओढली गेली, पहिला धूर निघाला आणि जाळ सरळ वर गेला. त्यांनी तवा टाकला. पहिली भाकरी फुगली, ती तव्यावरून काढून निखाऱ्यांच्या बाजूला उभी धरली. ज्वारीची भाकरी अशी दोनदा भाजावी लागते, आधी तव्यावर, मग आचेला सामोरी, आणि त्याला लागणारी बाजूची धग गॅसच्या शेगडीवर मिळत नाही. त्या उभ्या होत्या, पाठ सरळ होती. दोन्ही हात मोकळे होते, कारण पऱ्हाटी पट्टीवर विसावली होती. वैलावर कालवण उबदार राहिलं होतं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या तिघी येऊन बघून गेल्या. एकीनं तोंडाची रुंदी वितीनं मोजून घेतली, एकीनं दुकानाचा पत्ता विचारला आणि एकीनं सांगितलं, की माझ्याकडं तुराट्या जास्त असतात, मला जाळी आणखी खाली लागेल.

या तिसऱ्या बाईचं म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकच चूल सगळ्यांना चालेल, या समजुतीतून कोट्यवधी चुली वाटल्या गेल्या आणि वाया गेल्या. तुराटीवालीला वेगळी जाळी लागते, गोवरीवालीला खोलगट पोट लागतं, उसाच्या पट्ट्यातल्या बाईला पाचटाचा विचार करावा लागतो. १ मे २०१६ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस खेड्यापाड्यांत पोचला, हे फार मोठं काम झालं. ज्या घरी सिलिंडर भरून आणायची ऐपत आहे, तिथं गॅसच वापरावा, लेकराबाळांच्या अंगावर धूर घेऊ नये. पण ज्या घरात दर वर्षी शेतातून पऱ्हाटी येते आणि दर वेळी सिलिंडर भरणं परवडत नाही, त्या घरात चूल पेटतच राहणार आहे. ती चूल तीन दगडांची ठेवायची की नीट मापाची, एवढाच निर्णय आपल्या हातात आहे. जालन्यासारख्या शहरात लोखंड आहे, वेल्डिंगचं कसब आहे, बियाण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या प्रयोग करण्याची परंपरा आहे. इथल्या आयटीआयमधल्या मुलांना गेटाबरोबर चूल करायला शिकवता येईल. कृषी विज्ञान केंद्रात पऱ्हाटी विल्हेवाटीच्या प्रात्यक्षिकाशेजारी पऱ्हाटी नीट जाळणाऱ्या चुलीचं प्रात्यक्षिक ठेवता येईल. बचत गटांच्या बायकांनी आपापल्या जळणाप्रमाणं मापं ठरवावीत आणि कारागिरांनी ती घडवावीत, अशी सोय गावागावांत करता येईल.

विहिरीवर मोटर घेताना आपण पाणी किती खोल आहे ते बघतो, बैल घेताना जमीन किती भारी आहे ते बघतो. चूल घेतानाही आधी घरातलं जळण बघावं, मग ते जिच्या हातातून जाणार आहे तिला विचारावं, आणि तिनं सांगितलेल्या मापानं लोखंड कापावं. दुकानातला तो मुलगा आता चूल विकण्याआधी गिऱ्हाइकाला "काय जाळता?" असं विचारतो, हे मला परवा तिथून चूल आणलेल्या शेजारणीनं सांगितलं. सरकारच्या पुढच्या प्रत्येक योजनेनं आपलं काम याच प्रश्नानं सुरू करावं.